तेवढं 'हॅट्' काढायचं नाही

चारुता गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांचे डोळे तपासत होते. इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान आहे, तिथे मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. खिशात फोन थरथरला, मी पाहिलं, तिच्या भावाचं, अविनाशदादाचं नाव दिसलं आणि काय ते समजलं. तरीही त्या आजोबांसमोर मी भिंगं बदलत राहिले... पहिलं बरं दिसतं की दुसरं? पहिलं की दुसरं? त्यांचा नंबर काढून झाल्यावर मागच्या खोलीत गेले आणि दादाला फोन लावला. "शांतपणे गेली गं," तो म्हणाला. मी हो म्हटलं. सख्ख्या भावाला त्या क्षणी दुसरं काय म्हणणार? पण तेव्हापासून जो तो तेच म्हणतोय, म्हणून आता सांगून टाकते. चारुता शांतपणे वगैरे गेली नाही. आदल्या दुपारी मी हॉस्पिटलात तिच्याजवळ होते. ती उशीवर चिडली होती, जेवणावर चिडली होती आणि सगळ्यांत जास्त टीव्हीवरच्या कुठल्याशा गाण्यावर चिडली होती. "गिटार कुठे गाडलीय बघ मेल्याने," हे तिचं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य. माणूस गेलं की त्याला लगेच साखरेत घोळवायची आपल्याला फार घाई असते. तिला ते खपलं नसतं आणि मलाही खपत नाही.

चारुता मूळची सांगलीची. पॅथॉलॉजीचं शिकायला म्हणून ऑस्ट्रेलियात आली ती थेट टूवूंबाला. डोंगरमाथ्यावरचं गाव, भोवती शेतीवाडी, एक युनिव्हर्सिटी, एक हॉस्पिटल, आणि बस नावाला. गाडी नसेल तर तिथे माणसाचे पायच गेल्यासारखे. चारुताकडे गाडी नव्हती. कॉलेज सुटलं की एका वृद्धाश्रमात शिफ्टला जायचं आणि येताना शेताकडेच्या रस्त्याने चालत घरी. त्या रस्त्यावर एक ऑप-शॉप होतं, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान. तिथे तिला एक वॉकमन आणि बुटाच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी मिळाल्या. कुणीतरी ऐंशीच्या दशकात रेडिओवरून भरून घेतलेल्या. त्यात ब्रिस्बेनचे बँड होते, समुद्रापलीकडच्या न्यूझीलंडचे होते, काहींवर तर नावही नव्हतं. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा तालात हलवतंय," ती सांगायची. "मग वाटलं, ही माणसं आनंदात आहेत. मग शब्द कळले... तर सगळे रडवे! बाई गं, म्हटलं, ही तर आपलीच माणसं."

या संगीताला जँगल पॉप म्हणतात. आपल्या जंगलाशी त्याचा काही संबंध नाही. किल्ल्या, बांगड्या, घुंगरं एकत्र किणकिणली की जो आवाज होतो, तो जँगल. साठच्या दशकात बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार निघाली. साध्या गिटारीच्या प्रत्येक तारेशेजारी आणखी एक तार, चार जोड्यांत ती बारीक आणि वरच्या सप्तकातली. आधी इंग्लंडमधल्या आणि मग कॅलिफोर्नियातल्या पोरांनी तिच्यावर स्वरसमूह एकदम न झोडपता एकेक स्वर सुटा छेडून झुलत ठेवला. बोटं शक्यतो कमी दाबायची, तारा शक्यतो मोकळ्या वाजू द्यायच्या, आवाज स्वच्छ ठेवायचा, वरचे सूर चढवायचे. पुढे गिटारीला दंड-बेटकुळ्या फुटल्या, लांबलचक सोलोंचे दिवस आले, आणि हा किणकिणाट मागे पडला. ऐंशीच्या दशकात ब्रिस्बेनच्या घामट बेडरूममधून आणि न्यूझीलंडच्या थंड दक्षिण टोकाकडून तो परत आला, हलक्या गिटारी घेऊन, कुणाची परवानगी न विचारता. त्यातले फारसे कुणी मोठे झाले नाहीत. चारुता मात्र ती सगळी वंशावळ आपल्याच घराण्याची असल्यासारखी सांगायची, आणि मध्ये कुणी 'पण हिट कुठलं झालं?' असं विचारलं की त्याच्याकडे बघून फक्त भुवई उडवायची.

मला ती भेटली ती वॉलॉंगॉंगला. इथल्या एका लॅबमध्ये नोकरी लागून आली होती आणि चष्मा करायला माझ्या दुकानात आली. "लांबचं दिसतं, जवळचं दिसतं," ती म्हणाली, "तिसऱ्या जोडीतली बारीक तार दिसत नाही." मी म्हटलं, कसली तार? तिथून सुरू झालं. महिन्याभरात मी ग्रेगच्या गॅरेजमध्ये गळ्यात बेस गिटार अडकवून उभी होते. ग्रेग हा तिचा शेजारी, पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला, ड्रम वाजवणारा, बोलायला कंजूष. मला बेस येत नव्हता. "तुला गाता येतं ना? मग बेस काय, येईल गं," हे चारुताचं म्हणणं. अजून नीट येत नाही. तिच्या गिटारीची ती बारीक तार सगळ्यांत आधी तुटायची आणि तीच सगळ्यांत जास्त चमकायची. तारा लावायला चारुताला इतका वेळ लागायचा की ग्रेग तेवढ्यात चहा करून, पिऊन, कप धुऊन ठेवायचा. आमची गाणी ती लिहायची, मराठीत. 'आर्वो' हे त्यातलं माझं आवडतं. इथे आफ्टरनूनला आर्वो म्हणतात. दुपारच्या ट्रेनने समुद्राच्या कडेकडेने घरी येणाऱ्या एका बाईचं ते गाणं, जिला घरी जायचं नाहीये.

आपल्या लोकांत मात्र या सगळ्याचं काय करावं हे कुणाला कळायचं नाही. एकदा सिडनीत गणपतीच्या कार्यक्रमात आम्हाला बोलावलं. 'आर्वो' संपलं तरी लोक वाट बघत बसलेले. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "मस्त हं. पण सोलो कधी?" चारुता म्हणाली, "काका, सोलो नसतो यात. तिघं मिळून एकच काहीतरी करतात." मग एक बाई कौतुकाने पुढे आल्या. "अगदी आपल्या तंबोऱ्यासारखं वाटतं गं! म्हणजे हे सगळं आपल्याकडे होतंच." मी चारुताचा हात धरला, पण उशीर झाला होता. "काकू, तंबोरा मलाही आवडतो," ती म्हणाली. "पण हे ब्रिस्बेनच्या पोरांनी केलंय. त्यांचं त्यांना राहू द्या की!" पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही. चारुताने त्या गुरुवारी गॅरेजमध्ये दुप्पट जोरात वाजवलं.

मग आजारपण आलं. औषधांनी तिच्या बोटांची टोकं बधिर केली. शर्टाचं बटण लागेना, तिथे बारा तारा दाबायच्या म्हणजे विचारायलाच नको. एका जोडीतल्या दोन्ही तारा एकाच बोटाखाली यायला लागतात, आणि तिला तर तार बोटाखाली आहे की नाही हेच कळेना. आम्हाला वाटलं, आता गिटार भिंतीला टांगणार. तिने काय केलं, तर सगळ्या गाण्यांची बोटं नव्याने बसवली. जिथे तीन बोटं लागायची तिथे दोन, जिथे दोन तिथे एक. बाकीच्या तारा मोकळ्या. "हे बघ, आता तर जास्तच वाजतंय," ती डोळे हातावर रोखून म्हणायची, कारण बोटांचं काम आता डोळ्यांना करायचं होतं. आणि एका शनिवारी, अंगात ताप असताना, आम्हा दोघांना घेऊन जोआनच्या स्टुडिओत जाऊन तिने 'आर्वो' रेकॉर्ड केलं. जोआन पोर्ट केंब्लात एकटीच छोटा स्टुडिओ चालवते. तिसऱ्या कडव्यात चारुताचं बोट तारेवर पडलंच नाही. गाणं संपल्यावर जोआनने काचेपलीकडून विचारलं, पुन्हा घ्यायचं का? चारुता घामाने भिजली होती. तिने मान हलवली. "नाही. हेच," ती म्हणाली. त्यानंतर तिने गिटार हातात घेतली नाही.

ती गेल्यावर दादाने सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या हॉलमध्ये श्रद्धांजली सभा ठरवली आणि तिथे ते गाणं लावायचं ठरलं. इथवर ठीक होतं. मग कळलं की दादाने जोआनला परस्पर फोन करून तिसरं कडवं दुरुस्त करून घेतलंय. हल्ली ते अवघड नाही. पहिल्या कडव्यातला चांगला तुकडा कॉम्प्युटरवर उचलायचा, तिसऱ्यात चिकटवायचा, ताल रेषेत आणायचा. जोआनने ते केलं, पण मूळचं पुसलं नाही, आणि दादाला, मला दोन्ही पाठवून सांगितलं की काय ते तुम्ही ठरवा. मला ते ऐकून इतका संताप आला की ग्रेगला गाडीत घालण्याऐवजी मी ट्रेनने निघाले. गाडी चालवायच्या लायकीची नव्हते. ग्रेगही शेजारी येऊन बसला.

दादाचा फ्लॅट पॅरामाटा स्टेशनपासून चालत, मिठाईच्या दुकानांवर आहे. त्याने चहा दिला आणि मी तोंड उघडायच्या आत तोच सुरू झाला. "मला माहितेय तू का आलीस. पण मला सांग, लोकांनी तिला शेवटचं अडखळताना ऐकायचं? ती इतकी छान वाजवायची... आणि आता कायमचं काय राहणार, तर चुकलेलं?"

"ती 'हेच' म्हणाली होती, दादा."

"ती दमली होती! ताप होता तिला. बरी असती तर परत वाजवलं असतंच ना?"

खरंच, दमून म्हणाली की ठरवून म्हणाली, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? उद्या सभेत ते गुळगुळीत गाणं वाजणार, मग तेच या फोनवरून त्या फोनवर फिरणार, आणि चारुताच्या हाताच्या जागी एक चिकटवलेला तुकडा राहणार. मग सुचलं म्हणून विचारलं, "तू मूळचं ऐकलंयस?" त्याने मान खाली घातली. नव्हतं ऐकलं. त्याला धीर झाला नव्हता. मी रोज लोकांना हेच विचारते, पहिलं की दुसरं. पण दोन्ही दाखवल्याशिवाय विचारत नाही. "ऐक आधी," मी म्हटलं.

आधी दुरुस्त केलेलं लावलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. मग मूळचं. तिसरं कडवं आलं, बोट चुकलं, आणि जिथे दाबलेला सूर यायचा तिथे तीन मोकळ्या जोड्या एकदम लखलखून उठल्या. मागोमाग माइकमध्ये बारीक आवाजात आलेलं तिचं "हॅट्!" दादा हसला. कॅरममध्ये सोंगटी हुकली की ती असंच म्हणायची, त्याने सांगितलं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गाणं पुढे चाललं होतं. अचानक त्याने हात वर केला. "थांब. हे परत आलं."

"काय परत आलं?"

"तेच. ते चुकलेलं. मागे ने जरा."

मागे नेलं. खरंच होतं. पुढच्या ओळीत त्याच जागी तिने पुन्हा बोट ठेवलं नव्हतं. त्याच्या पुढच्या ओळीतही नाही. पहिल्यांदा हुकलं, 'हॅट्' झालं, आणि त्यापुढे प्रत्येक वेळी तिने ती जागा मुद्दाम मोकळी सोडली होती, वेळेवर, ठसक्यात. शेजारी उभं राहून बेस वाजवताना मला ते कळलं नव्हतं, कारण मी माझ्याच बोटांकडे बघत होते. गाणं न समजणाऱ्या दादाला कळलं, कारण तो फक्त चुकीचीच वाट बघत बसला होता. मी ग्रेगला विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, "येस, मेट. आय फॉलोड हर." प्रत्येक वेळी त्या जागी त्याने झांजेवर हलकी काठी मारली होती. हे तू आधी का नाही सांगितलंस, असं मी जवळजवळ ओरडलेच. त्याने खांदे उडवले. त्याला वाटलं होतं, सगळ्यांना ऐकू येतं.

दादाने चहा गार होऊ दिला. मग उठून फोन घेतला आणि दुरुस्त केलेली फाइल माझ्यासमोर पुसून टाकली.

सभेला हॉल भरला होता. दोन-तीन जणांनी ती किती गोड होती हे सांगितलं, मी दात आवळून ऐकलं. मग 'आर्वो' लावलं. 'हॅट्' आलं तेव्हा कोणीतरी चुळबुळलं, कोणीतरी मागे वळून पाहिलं. बाहेर चपला घालताना एका ओळखीच्या गृहस्थांनी दादाला हळूच म्हटलं, "तेवढं मधलं काढता आलं असतं, नाही?"

"काढलं होतं," दादा म्हणाला. "परत घातलं."

आम्ही गुरुवारी अजून गॅरेजमध्ये जमतो. बँड मोडला का, असं लोक जपून विचारतात. नाही मोडला. आता नवीन गाणं बसवतोय, दोघं मिळून. चारुताची गिटार तिच्या स्टँडवर आहे, अॅम्प्लिफायरला जोडलेली, तोही चालू. मी बेसवर ठरावीक सूर धरला किंवा ग्रेगने जोरात ड्रम हाणला की तिच्या मोकळ्या तारा आपोआप किणकिणतात. यात गूढ काही नाही. जवळचा सूर लागला की तार थरथरते, एवढंच. भुताखेताचं नाव काढलं असतं तर चारुतानेच मला झापलं असतं. गेल्या आठवड्यात जोआन नव्या गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी गॅरेज बघायला आली होती. तिने दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, त्या गिटारवर एखादा टॉवेल टाका, नाहीतर तो आवाज सगळीकडे येत राहील.

ग्रेगने काठ्या उचलल्या. "येऊ दे," मी म्हटलं, आणि त्याने एक, दोन, तीन मोजलं.