चंबूच्या चकाकीतली बाई

चिंचेने घासलेला तांब्या बायकोने ओट्यावर उपडा ठेवला. त्याच्या पोटात आमची खिडकी उतरली होती आणि खिडकीपुढे इवलीशी ती. मला बेल्जियममधलं ते वहीएवढं चित्र आठवलं.

आम्ही दोघं मुलीकडे अँटवर्पला गेलो होतो. संग्रहालयात भिंतभर चित्रांसमोर लोक मागे सरत होते; या चित्रापाशी मात्र प्रत्येकाला वाकावं लागत होतं. ताटात चीज, बदाम आणि मागे चकचकीत चंबू. मुलगी म्हणाली, "पूर्वी इथले व्यापारी अशी चित्रं घेऊन कपाटात ठेवायचे. जेवणं झाली की पाहुण्यांच्या हातात द्यायचे." आपल्याकडे पानाचा डबा फिरतो तसं. पाहुणा भिंगातून बदाम न्याहाळत असेल आणि मालक मिशीला पीळ भरत असेल.

"चंबूत कोणीतरी उभं आहे," बायको म्हणाली. जन्मभर भांडी घासल्यामुळे तिची नजर आधी चकाकीवरच जाते. मी चष्मा पुसून पाहिलं. डोक्याला पांढरी टोपी, हातात कुंचला.

"बाई आहे," ती म्हणाली. "हिनंच काढलंय हे."

त्या मालकांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत. कपाटं मोडली, घरं विकली गेली. चित्र काढणारी ती मात्र त्यांच्याच कडीकुलपात बिनभाड्याने राहिली आणि अजून चंबूत उभी आहे, ताठ.

मी तांब्यापाशी वाकलो.

"काय बघताय?" बायकोने विचारलं.

"मालकीण."

"मग सरका. मालकिणीला पाणी भरायचंय."