उल्का आणि आसूड

त्या गाडीवानाचं नाव मला ठाऊक नाही. भेट एकदाच झाली, सत्तर सालच्या आसपास, कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या दारात. उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. भरदुपारी आभाळातून एक जळता गोळा सरकन गेला आणि थोड्या वेळानं असा आवाज झाला की बैल बुजले. बॉयलर फुटला, असं कुणीतरी ओरडलं आणि कामगारांच्या बायका रडत फाटकाकडे धावल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. ती उल्का होती, बॉयलर शाबूत आहे, असं घसा फोडून सांगत होतो. ऐकतंय कोण?

शेजारच्या गाडीत, उसाच्या ढिगावर बसलेला तो मिशाळ गडी मात्र ऐकत होता. आसुडाच्या टोकाचा सुताचा गोंडा त्यानं बोटांनी सरळ केला, उभा राहिला आणि आसूड असा वाजवला की सगळा गलका थांबला.

"बोला आता, मास्तर."

"आसूड कशाला लागला?" मी विचारलं.

"कशालाच न्हाय. बैलास्नी मी कधी मारत न्हाय, वाऱ्याला मारतोय."

"तसंच झालं. टोक आवाजापेक्षा जोरात पळतं, हवेला बाजूला व्हायला सवड मिळत नाही, ती दाबली जाते आणि वाजते. उल्काही तशीच आली. काही फुटलेलं नाही."

तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला. फाटकातून माणसं धडधाकट बाहेर आली आणि बायका रडता रडता हसायला लागल्या.

मिशीला पीळ देत गाडीवान आभाळाकडं बघून म्हणाला, "पावणं, आवाज बरा हाय तुमचा. पर गर्दी गप केली ती आमीच की."