पाटाच्या कडेचा रस्ता

आमचं गाव वडीगोद्रीपासून फार लांब नाही. हायवेला इतकं चिकटलेलं आहे की लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला त्याचा गाव म्हणून अंदाजच येईना. घरांच्या आधी दुकानं, दुकानांच्या आधी गाड्या. मी अंबडला एका ऑफिसात नोकरी करते, सकाळच्या बसनं जाते, संध्याकाळी परत येते. मी सांगते आहे त्या वर्षी माझी मुलगी आठवीत गेली. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा पलीकडच्या गावात, आणि तिकडं जायला हायवेशिवाय वाट नव्हती. मुलींना शाळेतून सायकली मिळाल्या तेव्हा आम्ही आयांनी त्यांना हळदकुंकू लावलं. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला आणि त्याच सायकलींनी आमच्या जिवाला घोर लावला.

दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर ज्यानं मागून येताना पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, मागची ट्रॉली डुलत असते, आणि गाण्याच्या आवाजात ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही. अशाच एका ट्रॉलीतून लोंबणारा ऊस आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या दप्तराच्या पट्ट्यात अडकला. ती सायकलसकट रस्त्याच्या खाली फेकली गेली. मनगट मोडलं, तेवढ्यावर भागलं. ट्रॅक्टर तसाच पुढं गेला. ड्रायव्हरला कळलं तरी होतं की नाही, यावर गावात पुष्कळ वाद झाला.

माझी मोठी जाऊ गावात पिठाची गिरणी चालवते. सगळ्या बायका तिला अक्का म्हणतात, मीही म्हणते. दळण घेऊन आलेल्या बायकांत त्या दिवशी हाच विषय होता. कुणी म्हणे बस मागू, कुणी म्हणे ट्रॅक्टर अडवू. अक्का गिरणीत गहू ओतता ओतता म्हणाली, "पाटाच्या कडंनं रस्ता हाये की. माणसं इसरून गेलेत त्याला."

कालवा खणला तेव्हा त्याच्या पाळीवरून गाड्या फिरायला एक रस्ता ठेवला होता. तो थेट शाळेच्या मैदानामागं निघतो. पण वर्षानुवर्षं कुणी न गेल्यामुळं त्यावर वेड्या बाभळी माजल्या होत्या. तो मोकळा करायचा ठरलं. आम्ही काही जणी पाटबंधाऱ्याच्या साहेबांकडं गेलो. त्यांनी चहा दिला, आमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, मुलींसाठी चांगलंच आहे म्हणाले, पाटाला धक्का लागता कामा नये म्हणाले, आणि उठून दुसऱ्या कामाला लागले. बाहेर आल्यावर साहेब हो म्हणाले की नाही म्हणाले, यावर आमच्यातच दोन मतं पडली. अक्कानं आपलं मत सगळ्यांना लागू केलं.

वाटेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं शेत होतं. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी काट्यांचं कुंपण पुढं सरकवत निम्मा रस्ता शेतात घेतला होता. आम्ही समजवायला गेलो तर त्यांनी आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वीतभरही मागं सरणार नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर आबा स्वतःच कुऱ्हाड घेऊन कुंपण काढत होते. काय झालं, कुणी काय सांगितलं, ते आजवर कळलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "काढलं न् मंग? आता काय पुसायचं राह्यलं?"

बाभळी काढल्या, मुरूम टाकला, शेताला पाणी नेणाऱ्या चाऱ्या आडव्या येत होत्या त्यांत सिमेंटचे पाइप बसवले. रविवारी पुरुषही यायला लागले. हेडसरांनी मैदानामागचं छोटं फाटक उघडून दिलं. पहिल्या दिवशी मुली एकामागं एक त्या रस्त्यानं निघाल्या तेव्हा अक्का पदरानं हात पुसत उभी राहिली. मला फार बरं वाटलं. गावात येऊन इतकी वर्षं झाली, पण ह्या गावातलं काहीतरी आपलं आहे असं पहिल्यांदा वाटलं.

आणि थोड्याच दिवसांनी, एका सकाळी बसच्या खिडकीतून मला आमच्या मुली हायवेवर दिसल्या.

बसनं एका उसाच्या ट्रॅक्टरला मागं टाकलं आणि पुढं त्या होत्या, कडेकडेनं ओळीनं चाललेल्या. शेवटची सायकल माझ्या मुलीची. तिच्या कॅरिअरवर कुणीतरी बसलेलं होतं. एवढं दिसलं आणि बस पुढं गेली. मला वाटलं आपल्याला भास झाला. मग वाटलं, सगळ्या मुलींचा गणवेश सारखाच असतो, दुसऱ्या कुणी असतील. पण आपल्या लेकीची पाठ आई ओळखते. ऑफिसात दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, उशीर झाल्ता. दुसऱ्या दिवशी पुन्हा हायवे. मग म्हणाली, पाटावर काटे लै हायेत, पंक्चर होतं. अक्कानं बाकीच्या मुलींना गिरणीवर बोलावून गोडीगुलाबीनं विचारलं. एक म्हणाली कुत्री मागं लागतात. एक म्हणाली तिकडं सुनसान असतं. एकीनं साप पाहिला होता, पण कुठं पाहिला ते सांगता येईना. सगळ्यात नवल म्हणजे जिचं मनगट मोडलं होतं तीही हायवेनंच जात होती, आणि विचारलं की खाली बघत होती.

रविवारी मी आणि अक्का पाटाच्या कडेनं शाळेपर्यंत चालत गेलो. एका बाजूला ऊस, एका बाजूला पाणी. कुत्रं भेटलं नाही. काटेही फारसे नव्हते. फाटक उघडं होतं. आम्ही मैदानात उभ्या राहून एकमेकींकडं पाहिलं. "मला तर कायच उमजून न्हाई राह्यलं," अक्का म्हणाली. मलाही उमजत नव्हतं. एवढ्या माणसांनी घाम गाळून रस्ता केला, आणि ज्यांच्यासाठी केला त्याच तो टाळत होत्या.

ज्या गोष्टीचं कारण कळत नाही तिचं कारण गाव तयार करतं. पाटावर मोटारसायकलवाली पोरं येऊन बसतात, अशी कुजबूज सुरू झाली. कुणी पाहिलेलं नव्हतं, पण प्रत्येकानं ऐकलेलं होतं. एका मुलीच्या वडिलांनी अक्काच्या नवऱ्याला सांगितलं की हायवेला गाडीची भीती आणि पाटाला पोरांची, त्यापेक्षा पोरगी घरी बसलेली बरी. ते ऐकून आमच्या पायाखालची वाळू सरकली. रस्ता केला तो मुलींना शाळेत जाता यावं म्हणून, आणि त्या रस्त्यामुळंच एकीची शाळा सुटायची वेळ आली होती.

मी ते घरी बोलले. मुलगी जेवत होती. तिचा घास तसाच हातात राहिला.

"मम्मी, पाटावर कुणीच न्हाई," ती म्हणाली. "पोरंबिरं कुणी न्हाईत. तू तिच्या पप्पांना सांग."

"मग हायवेनं का जाता?"

तिनं घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "उद्या तू आमच्यासंगं चल."

मी सुट्टी टाकली आणि स्कूटी घेऊन हळूहळू त्यांच्या मागं निघाले. गाव संपून थोडं पुढं गेलं की हायवेच्या कडेला एक मोकळं रान आहे. तिथं ऊसतोडीची टोळी उतरली होती. बांबू आणि पाचटाच्या कोप्या, त्यांवर निळी-काळी प्लास्टिकं. बसमधून मी त्या रोज पाहत होते. मुली तिथं थांबल्या. एका कोपीतून त्यांच्याच वयाची एक मुलगी बाहेर आली. गणवेश आमच्या शाळेचा नव्हता, तिच्या गावाकडच्या शाळेचा असावा. काखेतलं लहान भावंड तिनं एका म्हातारीकडं दिलं, दप्तर पुढं घेतलं आणि माझ्या मुलीच्या कॅरिअरवर बसायला आली. तेवढ्यात तिला मी दिसले. ती जागच्या जागी थांबली.

"मी चालत बी येते, मावशी," ती मला म्हणाली. "ह्याच ऐकत न्हाईत."

हळूहळू सगळं कळलं. तिचे आईवडील झुंजूमुंजू व्हायच्या आधीच फडावर जायचे. ती स्वयंपाक करून, भावाला सांभाळून मग शाळेला निघायची. हंगामापुरतं तिला शाळेनं बसू दिलं होतं. वर्गात ती माझ्या मुलीच्या बाकावर बसायची. पाटाचा रस्ता सुरू झाला तेव्हा हायवेनं जायला ती एकटीच उरली, कारण कोप्यांपासून पाटाकडं जायला वाट नव्हती, मधे शेतं. म्हणून मुलींनी आपसात ठरवून टाकलं आणि पाळीपाळीनं तिला डबलसीट न्यायला लागल्या. घरी सांगितलं असतं तर आम्ही काय म्हणालो असतो ते त्यांना ठाऊक होतं. अपघातानंतर कॅरिअरवर कुणाला बसवायचं नाही, हा दंडक मीच घातला होता.

मला रागवायचं होतं. त्या हायवेवर, त्या ट्रॅक्टरांमधून, एका सायकलवर दोघी. आणि मला लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. दोन्हीतलं एकही मी केलं नाही. स्कूटी त्यांच्या आणि मागून येणाऱ्या गाड्यांच्या मधे ठेवून शाळेपर्यंत गेले.

अक्काला सांगितलं. ती गिरणी बंद करून ओट्यावर बसली. "मंग वाट तिच्या दारातून काढाया पाहिजे व्हती," म्हणाली. आबांच्या शेताच्या बांधावरून कोप्यांपासून पाटापर्यंत एक पायवाट काढता येईल असा तिचा हिशेब. बायकांपुढं विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाली, ती चार महिन्यांची माणसं, आज हायेत उद्या न्हाईत, त्यांच्यासाठी बांध कोण देईल. ती काही वाईट बाई नव्हती. पाटाच्या कामाला रोज भाकरी बांधून आणणारी तीच. तिचं म्हणणं चूक होतं हे मला वाटत होतं, पण कुठं चूक होतं ते बोटानं दाखवता येत नव्हतं.

असं बोलण्यातच दिवस गेले. मुलींना मी अडवू शकले नाही आणि परवानगीही देऊ शकले नाही. जमेल त्या दिवशी कुणीतरी मोठं माणूस त्यांच्या मागं गाडी घेऊन जाई, एवढं झालं. ज्या वडिलांनी शाळा सोडवायची भाषा केली होती ते स्वतःच दोनदा गेले, आणि मुलीची शाळा हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मग ऊस संपला. टोळीनं एका दुपारी कोप्या मोडल्या आणि सामान ट्रकवर चढवलं. वार्षिक परीक्षा अजून व्हायची होती. संध्याकाळी मी आले तेव्हा माझी मुलगी त्या मोकळ्या रानाकडं जाऊन आल्ती.

दुसऱ्या दिवसापासून मुली पाटाच्या कडेनं जायला लागल्या. हायवेवर आता उसाचा एकही ट्रॅक्टर नव्हता, तेव्हा त्या आमच्या सुरक्षित रस्त्यानं जात होत्या. मी लेकीला कारण विचारलं तर म्हणाली, "तिकडं सावली असती."

बांधावरची पायवाट पावसाळ्यानंतर झाली. कशी झाली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बैठकीत कुणी हो म्हटलेलं मला आठवत नाही. आबा म्हणाले होते की बांधाला हात लावला तर बघा. पण बांधावरचं गवत त्यांनीच कापून दिलं. भाकरीवाल्या बाईनं मुरुमाच्या पाट्या टाकल्या आणि हे आपल्याला पटलेलं नाही असंही वरून सांगितलं.

दिवाळीनंतर टोळी आली. मुलगी आता नववीत होती. पहिल्याच सकाळी ती सायकल घेऊन त्या पायवाटेनं कोप्यांपर्यंत गेली आणि एकटीच परत आली. ती मैत्रीण आलेली नव्हती.

मी स्वतः चौकशीला गेले. मुकादम म्हणाला, ते कुटुंब यंदा कर्नाटकात दुसऱ्या कारखान्याला गेलं. भाकऱ्या थापणारी एक बाई म्हणाली, पोरीचं लग्न लावून दिलं. एक म्हातारी म्हणाली, बिलकुल नाही, पोरगी गावाकडं आजीपाशी राहून शाळा शिकून राह्यली. तिघंही एकाच गावची, एकाच ट्रकनं आलेली. मी घरी येऊन मुलीला तिन्ही गोष्टी सांगितल्या. लपवून काय करणार होते?

"यातलं खरं कोणतं?" तिनं विचारलं.

मला माहीत नाही, असं मी म्हणाले. कर्नाटकातल्या कुठल्या कारखान्याला, तेही मला विचारून ठेवायचं सुचलं नव्हतं. ती माझ्यावर रागावली की कशावर, ते कळलं नाही. ती पुन्हा टोळीवर गेली नाही.

पायवाट मात्र रिकामी राहिली नाही. कोप्यांतली लहान पोरं तिच्यावरून उलट दिशेनं, आमच्या गावातल्या शाळेत यायला लागली. ती कुणी आणली, कुणी त्यांना सांगितलं, हे मी शोधायच्या फंदात पडले नाही. पाटाच्या पाण्याजवळून लहान लेकरं येतात म्हणून आता मला वेगळीच काळजी लागली आहे, आणि अक्का म्हणते तिथं जाळी लावायला पाहिजे. भाकरीवाल्या बाईला ते पटलेलं नाही. जाळी कुठं मिळते ते विचारायला काल तीच वडीगोद्रीला गेल्ती.