सही नसलेलं शुभवर्तमान

कुठल्याही मंडळाचं इतिवृत्त लिहिलं जातं, पण लक्षात राहतं ते इतिवृत्तात न आलेलं! आमच्या बालीगंजच्या शनिवार वाचन मंडळाने वर्षभरात एकच पुस्तक वाचलं, तेही चांगलं बारीकसं. किस्से मात्र इतके साठलेत की पुण्याच्या बहिणीला फोनवर सांगायला बसले, की एक तर तिचा कुकर शिट्ट्या मारतो, नाहीतर माझी बॅटरी संपते.

मंडळ म्हणजे पाच माणसं. मी बँकेतली, बदलीवर आलेली. देशपांडेकाका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. डॉक्टर साठेबाई. न्यू टाउनच्या आयटी कंपनीतला तेजस. आणि माझ्या शेजारच्या फ्लॅटमधल्या बिश्वासदी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बंगाली ख्रिश्चन बाई. आमच्यात बसून बसून त्यांना मराठी छान कळायला लागलंय. बोलतात मात्र हिंदीत.

पुस्तक तेजसने सुचवलं. "लूकचं शुभवर्तमान घेऊया! येशूचं चरित्र, अगदी सुरुवातीच्या काळातलं. जग वाचतंय, आणि आपण पाचांतल्या चौघांनी उघडूनही पाहिलेलं नाही!"

डॉक्टरबाईंच्या सासूबाईंनी घरी हरकत घेतली. "वाचून धर्मबिर्म बदलशील हं!"

"आई, बारा वर्षं मी योगासनांचं पुस्तक वाचतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून मांडी घालता येत नाही मला!"

लगेच परवानगी मिळाली.

*

पहिल्याच शनिवारी प्रस्तावना वाचली. लेखक म्हणतो, या घडामोडींबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून ते आलंय. मीही सगळं मुळापासून तपासून क्रमाने लिहितोय, म्हणजे माननीय थियफिल, तुम्हाला जे शिकवलं गेलं ते पक्कं आहे याची खात्री पटेल.

देशपांडेकाका खुर्चीतून उठलेच! आयुष्यभर चौकशी अहवाल लिहिलेला माणूस. "अरे, हा आपल्यातला निघाला! मागील अहवालांचा संदर्भ, साक्षीदार, पद्धत, उद्देश... सगळं आहे! खाली सही कोणाची?"

"सही नाही," तेजस म्हणाला. "आत कुठेही लेखकाचं नावच नाही. लूक हे नाव परंपरेने पुढे लावलं."

"सहीशिवाय फाइल दोन हजार वर्षं पुढे सरकली?"

"आणि काका, मूळ ग्रीकमध्ये ही अख्खी प्रस्तावना म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे!"

काका शांतपणे खाली बसले. "सरकारी माणूस. शंभर टक्के!"

*

परंपरा सांगते, लूक वैद्य होता. हे कळल्यावर डॉक्टरबाईंना काय उत्साह चढला! पुढच्या शनिवारी त्या दोन पुस्तकं घेऊनच आल्या. बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेल्या बाईची गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानातही आहे. तिथे लिहिलंय, अनेक वैद्यांच्या हातून तिचे हाल झाले आणि दुखणं उलट वाढलं. आपल्या लूकने काय लिहिलं? कुणालाच तिला बरं करता आलं नाही. बस्स!

"हाल गायब! वाढलेलं दुखणं गायब!" डॉक्टरबाईंनी टेबलावर थाप मारली. "हा डॉक्टरच! आपल्या धंद्याची लाज राखली त्याने!"

तेजसने फोन बाहेर काढला. "पण अभ्यासक म्हणतात, भाषेवरून तसं सिद्ध होत नाही. त्या काळचे शिकलेले लोक वैद्यकीचे शब्द सर्रास वापरायचे."

डॉक्टरबाई इतक्या रागावल्या की चहा अर्धा टाकून गेल्या. मला वाटलं, मंडळ फुटलं!

पण पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी हजर. "तेजस, तू जिंकलास रे. परवा आमच्या यांचं डोकं दुखत होतं. इन्शुरन्समधला माणूस! म्हणतात कसे, 'अ‍ॅक्यूट आहे, उजव्या बाजूला रेडिएट होतंय, बहुतेक व्हॅस्क्युलर असावं.' मी त्यांना फक्त 'सर' म्हणायचं बाकी राहिलं होतं!"

*

मग थियफिलचा प्रश्न. हा होता कोण? तेजसचं मत पक्कं: "क्लायंट! 'माननीय' म्हणतोय म्हणजे क्लायंटच!" डॉक्टरबाई म्हणाल्या, नावाचा अर्थच देवाचा प्रिय असा आहे, तेव्हा कोणीही वाचक असेल. काकांच्या मते मोठा अधिकारी.

तेजसने नवीन माहिती काढली. त्याच लेखकाने पुढचा भागही लिहिला, तोही थियफिललाच. पण तिथे नुसतं 'थियफिल' आहे. 'माननीय' काढून टाकलंय!

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मैत्री झाली असेल."

काकांनी नकारार्थी मान हलवली. "रिटायर झाला असणार!"

आम्ही हसून हसून पडलो.  मग बिश्वासदी हळूच म्हणाल्या, "थियोफिलस तो मेरे ठाकुरदा का नाम था." ठाकुरदा म्हणजे आजोबा. ठाकुरदांच्या वडिलांनी या शुभवर्तमानाचं पहिलं पान वाचून मुलाचं नाव ठेवलं होतं, थियोफिलस बिश्वास!

काका खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मग दीदी, त्यांना हे पत्र पोचलं का?"

बिश्वासदी हसल्या, पण डोळे भरून आले त्यांचे. "रोज सकाळी वाचायचे. आपल्याच नावाने आलंय म्हणून, मोठ्याने!"

*

या शहरात लेखकाचा प्रश्न खाजगीत ठेवता येत नाही, हे आम्हाला बसमध्ये कळलं. मी आणि काका बसने निघालो होतो. काका जरा मोठ्याने म्हणाले, "लूक स्वतः येशूला भेटलेला नव्हता, हे तो स्वतःच कबूल करतो!"

मराठी कोणाला कळलं नाही, पण 'लूक' आणि 'येशू' पुरेसे होते. पुढच्या सीटवरचे गृहस्थ वळले. काकांनी हिंदीत सगळा वाद सांगितला. मग काय! एक प्रोफेसर निघाले, ते म्हणाले लेखक शहरातला होता. मासळीची पिशवी घेतलेल्या एका काकूंनी विचारलं, "गरिबांबद्दल इतकं कोण लिहितं? तो नक्की आपल्या पार्टीचा असणार!" मागून कोणीतरी ओरडलं, "कुठली पार्टी?" आणि तिथून जो भडका उडाला!

कंडक्टर दारात उभा राहून सगळं ऐकत होता. शेवटी त्याने बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि काकांना म्हणाला, "लेखोक जे-ई होक, दादा, आपनार स्टॉप बेरिये गेछे!"

लेखक कोणी का असेना, तुमचा स्टॉप गेला!

*

आता हा शेवटचा. बिश्वासदींच्या आई बागबाजारला मुलाकडे राहतात. नव्वदीच्या पुढे, डोळ्यांनी दिसत नाही, पण हे अख्खं शुभवर्तमान बंगालीत पाठ! आम्ही सगळे भेटायला गेलो. देशपांडेकाकांच्या पत्नी, सरोजकाकूही त्या दिवशी बरोबर होत्या.

काकांनी खिशातली छोटी वही काढली. ती वही मला माहीत होती. अमेरिकेतल्या मुलासाठी तीन वर्षं ते घराण्याची हकीगत लिहीत होते: आजोबांची नोकरी, वडिलांची नोकरी, स्वतःच्या बदल्या.

"माशीमा," त्यांनी बंगाली रीतीने मावशी म्हणत विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? लिहिलं कोणी? लूकने, की दुसऱ्या कोणी?"

माशीमा बंगालीत बोलल्या, बिश्वासदी हिंदीत सांगत गेल्या, "दोन गरोदर बायका भेटतात ती गोष्ट वाचलीत?"

"वाचली."

"एकीच्या पोटातलं मूल आनंदाने उसळलं, असं लिहिलंय. येशूच्या आईने सगळं मनात जपून ठेवलं, असंही लिहिलंय. पोटातलं आणि मनातलं त्याला कळलं कसं?"

काकांनी वही उघडली.

"कुणा बाईने सांगितलं! त्याने बसून विचारलं असणार, म्हणून तिने सांगितलं. लिहिलं कोणी ते तुम्ही शोधा. बोललं कोण, ते मला ठाऊक आहे!"

बिश्वासदी हिंदीत सांगून थांबल्या.  परतीच्या टॅक्सीत काका ती छोटी वही पहिल्या पानापासून चाळत राहिले.

पुढचं मला सरोजकाकूंनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कणीक मळत होत्या. काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, हातात ती छोटी वही.

"सरोज, आपण इथे पहिल्यांदा आलो, मी तुला घरी सोडून तसाच ऑफिसला गेलो होतो. त्या दिवशी तुला काय वाटलं होतं गं?"

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट!

काकूंनी हात धुतले, पदराला पुसले, गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मोठी वही आणा," त्या म्हणाल्या.