बाबांचा डबा आणि गंगेतली नाव

मलकापूरला आमचं बियाण्यांचं दुकान आहे. तिथे चहा आला की कोणीतरी हमखास म्हणतं, "भाऊ, ते गंगेतलं सांगा ना." सांगणारे चार आणि प्रत्येकाची नदी वेगळी. बाबांचे दोस्त सलीमचाचा सांगतात त्या नदीला तर दरवर्षी पूर येतो. म्हणून मी पाहिलं तेवढं लिहून ठेवते.

झालं असं की एका कंपनीने कपाशीचं नवं बीटी वाण आणलं आणि पेरणीच्या आधी, मे महिन्यात, काही दुकानदारांना सहकुटुंब ऋषिकेशला राफ्टिंगला नेलं. फुकट. मी नुकतीच बंगळूरहून शिकून परत आले होते. गुलाबी अळीने पोखरलेली बोंडं शेतोशेत पाहिली होती. बाबा जे पाकीट हातात देतील ते लोक डोळे मिटून पेरतात, आणि हे वाण आमच्याकडे कोणी पेरून पाहिलेलं नव्हतं. सहलीच्या शेवटी बाबांची सही घेणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"बाबा, ही सहल नाही, आमिष आहे," मी म्हणाले.

"पाह्यतो ना," बाबा म्हणाले. "तू टोपी घेतली काय?"

*

गाडीतच कंपनीच्या साहेबांनी प्रत्येक दुकानदाराला नव्या वाणाचं एकेक पाकीट दिलं. साहेब पुण्याचे, बोलणं गोड. भुसावळला गाडी बदलली तेव्हापासून बाबांच्या हातात एक स्टीलचा डबा दिसायला लागला. झाकण घट्ट, वरून टॉवेल गुंडाळलेला.

"आई, त्यात काय आहे?"

"मले काय मालूम? मी लाडू देले होते, ते तं पिशवीतच हायेत."

साहेब बाबांशी जरा जास्तच हसून बोलत होते. डब्यात काहीतरी साहेबांनीच दिलेलं आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

*

नदीवर पोचल्यावर आधी एक फॉर्म आला. सगळ्यांनी भराभर सह्या केल्या. बाबांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मागे रांग लागली.

"काऊन बे, परीक्षा हाये काय?" सलीमचाचा म्हणाले. खामगावात त्यांचंही असंच दुकान आहे. दोघांची दोस्ती शाळेपासूनची.

"हे पाय. नाव उलटली तं कोनीच जबाबदार नाई."

"मंग?"

"बियान्याच्या पाकिटावर बी हेच लिवलेलं असते. उगवलं नाई तं कोनीच जबाबदार नाई."

साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी लगेच सगळ्यांसाठी लिंबूपाणी मागवलं.

*

मग लाइफ जॅकेटची तपासणी. बाबांनी हेल्मेट टरबुजासारखं टिचकी मारून पाहिलं. जॅकेटवर त्यांचा भरवसा बसेना. शेवटी त्यांनी सलीमचाचांना ते घालून काठाशी कमरेइतक्या पाण्यात बसवलं.

"तरंगून राह्यला काय?"

"अबे, बूड टेकलं हाये माहं. मी बसलो हाये."

"मंग पाय उचल."

*

आईची पद्धत वेगळी होती. आमचा गाइड चाळिशीचा, मोठ्या मिशांचा गढवाली माणूस. आई नावेजवळ गेली आणि तिने हिंदीत थेट विचारलं, "बच्चे कितने है?"

"दो बेटियाँ, माताजी."

"छोटी है?"

"एक पाँच की, एक आठ की."

आई आत जाऊन बसली. मला म्हणाली, "बस. हा नाव बुडवत नाई."

*

गाइडने सांगितलं की नावेत सामान चालणार नाही. बाबांनी डबा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधला आणि टॉवेलसकट जॅकेटच्या आत, पोटाशी धरला. सगळे दोन्ही हातांनी वल्ही मारत होते. बाबांचा एक हात पोटावर.

"भाईसाब, दोनों हाथ!" गाइड ओरडला.

"एकच हाये समजा," बाबा म्हणाले.

पुढच्याच लाटेला नाव उभी राहिली आणि सलीमचाचा पाण्यात. गाइडने जॅकेटला धरून त्यांना वर ओढलं. बराच वेळ खोकल्यावर त्यांनी बाबांकडे रोखून पाहिलं.

"मले कोनं ढकललं?"

"चाचा, नदी ने," गाइड म्हणाला.

"नदी मले काऊन ढकलते? तिची माही वळख बी नाई."

बाबा मात्र जॅकेटमध्ये हात घालून डबा चाचपत होते. मित्र बुडता बुडता वाचला आणि यांना डब्याची काळजी. मला खरंच वाईट वाटलं.

*

रोज पहाटे बाबा तंबूबाहेर पाठमोरे बसायचे. कॅम्पच्या स्वयंपाक्याकडून वाटीभर कोमट पाणी आणायचे आणि डब्यात शिंपडायचे. मी जवळ गेले की झाकण बंद.

"काय आहे त्यात?"

"तुयं शिक्षन किती झालं?"

"एमएस्सी."

"मंग राहू दे."

*

शेवटच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर साहेबांनी बाबांसमोर कागद ठेवला. तालुकाभर नवं वाण फक्त आमच्या दुकानातून. पेनाचं टोपणही त्यांनीच काढून दिलं. मी पाच दिवस मनात भाषण तयार करत होते. उभी राहिले.

"बस," बाबा म्हणाले.

त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत ओल्या फडक्याची गुंडाळी. ती त्यांनी सावकाश उलगडली. दहा-दहाच्या ओळींत शंभर सरक्या, औषध लावून निळ्या झालेल्या, साहेबांच्याच पाकिटातल्या. कुठेकुठे पांढरा कोंब. बाकीच्या तशाच.

सलीमचाचा बोट ठेवून मोजत गेले. "बावीस."

साहेब हसले. "भाऊ, तुम्ही हे पोटाशी बांधून गंगेत उतरलात. बर्फाचं पाणी ते. थंडीने मेलं बियाणं."

"हाव, तसं बी असन," बाबा म्हणाले.

त्यांनी डब्याच्या तळातून दुसरी गुंडाळी काढली आणि पहिलीच्या शेजारी उलगडली. आमच्या पिंपळगाव राजा गावच्या शेतातली देशी सरकी, घरी राखून ठेवलेली, निघताना बरोबर घेतलेली. कोंब इतके वाढले होते की एकमेकांत गुंतून फडक्यातून सुटेनात.

"हे बी त्याच नावेत होतं, साहेब."