पहिला टाका

परवा चढावर नातवाच्या गाडीला क्लचचा करपट वास आला आणि मला माझी पाठवणी आठवली. शिरूरला लग्न लागलं आणि आम्ही दौंडला निघालो. गाडी यांच्या मामांची होती, तिला किती घोड्यांची ताकद आहे ते मामांनी मांडवभर सांगितलेलं. मी रडत होते, शेजारी हे गप्प. लग्न ठरल्यापासून यांचा आवाज मी ऐकलाच नव्हता. नव्या नवरीनं पाणी ओलांडताना नारळ वाहायचा, म्हणून ओढ्यात गाडी थांबवली. पुढं उभा चढ. "नवरीची गाडी रांगत न्यायची न्हाई," म्हणत मामांनी थेट दुसरा गिअर टाकला. गाडी गचके खाऊन बंद. पुन्हा तेच, वर करपट वास. तेवढ्यात मागची वऱ्हाडाची खटारा जीप पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत शेजारून वर गेली, बायका हात हलवत होत्या. तेव्हा यांनी तोंड उघडलं, "मामा, इंजिन जोरात फिरल्याबिगर तुमचं घोडं जुंपलं जात न्हाई. पहिला टाका, चाकाला रेटा मिळंल." मामांनी टाकला. गाडी अशी उसळली की माझ्या मुंडावळ्या यांच्या फेट्यात अडकल्या आणि मी भर पाठवणीत खदखदून हसले. परवा नातूही दुसऱ्यातच रेटत होता. मी मागून म्हणाले, "पहिला टाक." शेजारून आवाज आला, "ते माझं वाक्य हाय."