वहिनीचं मोजलेलं मीठ

माझी वहिनी रंगाच्या कारखान्यात वजनखोलीत होती. एकोणतीस वर्षं. पिवळी, तांबडी, निळी पूड काट्यावर तोलायची, पिशवीत भरायची, चिठ्ठी लावायची. अर्धा ग्रॅम इकडचा तिकडे झाला तर पिंपभर रंग वाया. तिच्या हातून एकही पिंप वाया गेलं नाही. त्या खोलीचा आणखी एक नियम होता. तिथं काहीही तोंडाला लावायचं नाही, कारण पूड विषारी. ही सवय वहिनीच्या इतकी अंगात मुरली होती की घरी स्वयंपाक करतानाही ती चव बघत नसे. आमची आई तिला तोंडावर ‘ग्रॅमबाई’ म्हणायची.

माझा थोरला भाऊ, दादा, फाउंड्रीत क्रेन चालवायचा. मी त्याच फाउंड्रीत फिटर होतो. चाळीस फूट उंच लोखंडी शिडी चढून तो केबिनमध्ये बसायचा आणि वितळलेल्या लोखंडाची बादली एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायचा. बावीस वर्षं. खाली उभ्या माणसांचा जीव त्याच्या मनगटात. त्याला त्याचा गर्व होता आणि तो असायलाच हवा होता.

एका तपासणीत त्याचा रक्तदाब वर निघाला. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, “सहा-आठ महिने देतो. गोळी घ्या, मीठ-तेल कमी करा. दाब उतरला नाही तर क्रेनवरून खाली. मग दारावर बसा आणि गाड्यांचे नंबर लिहा.”

दादानं घरी येऊन हे वहिनीला सांगितलं. वहिनीनं वही काढली.

आमच्या घरात रविवारचं मटण म्हणजे आईचं मटण. आई हिशेब ठेवत नसे. मूठ, चिमूट, अंदाज. वहिनी एका रविवारी काटा घेऊन चुलीशी उभी राहिली.

“आई, तुम्ही नेहमीसारखी मूठ घ्या आणि पातेल्याऐवजी यात टाका.”

“आता माझ्या मुठीचंही वजन करणार का गं?”

“मुठीचं नाही. मिठाचं.”

“घे बाई, कर. माझी राख तोलायला पण हाच काटा आण.”

एकेचाळीस ग्रॅम भरलं. वहिनीनं लिहून ठेवलं. तिनं ठरवलं, दर पंधरा दिवसांनी दोन ग्रॅम कमी करायचे. रंगाची छटा अशीच बदलतात म्हणे. एकदम बदलली तर आंधळ्यालाही कळते, हळूहळू बदलली तर मालकालाही कळत नाही. मीठ उतरेल तशी दुसरी भर हवी, म्हणून ती लसूण सालीसकट भाजायची, टोमॅटो करपेपर्यंत परतायची, शेवटी लिंबू पिळायची. कांदा तेलात तळायच्या ऐवजी कोरडा भाजायची. मासा कढईत न सोडता तव्यावर, ब्रशनं तेल लावून. आईचा गोड केक तिनं लोणी काढून सात वेळा केला. सहा वेळा स्वतःच खाल्ला, कारण तो दगड झाला होता. सातवा जमला. पहाटे साडेचारला उठून हे सगळं, मग सातची पाळी, परत आल्यावर वही. मी आयुष्यभर मेहनत करणारी माणसं पाहिली. फळाची खात्री नसताना इतकी नेमकी मेहनत करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पहिल्याच महिन्यात आईनं मिठाचा वेगळा पुडा आणला. तो ती विणकामाच्या पिशवीत, लोकरीखाली ठेवायची. वहिनी कामावर गेली की झाकण उघडून टाकायची. रविवारी वहिनी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की टाकायची. तिची मूठ पक्की होती. वहिनी जितकं कमी करी, तितकंच ती भरून काढी.

मला हे तिसऱ्या रविवारी कळलं. मी पाणी प्यायला आत गेलो तर आई पातेल्यावर वाकलेली आणि दारात माझी पुतणी पहाऱ्याला.

“आई, हे काय?”

“माझं मटण पाणचट झालं असं लोकांनी म्हणायला नको. तू बघितलं नाहीस.”

“डॉक्टरांनी...”

“डॉक्टरांच्या आधी त्याला मी पोसलाय. जा, बस जेवायला.”

मी जाऊन बसलो. मटण फक्कड झालं होतं. मी मोठ्यानं म्हणालो, “वहिनी, मीठ कमी केलंय हे कळतसुद्धा नाही बघ!”

पुतणीला हसू आवरेना. माझी बायको ताटात बघत राहिली. म्हणजे तिलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त दादाला आणि वहिनीला. वहिनी लाजली. “जीभ वळते हो, भावजी. वेळ द्यावा लागतो.” पुढं दर रविवारी ही आमची गंमत झाली. कोणीतरी विचारायचं, “आज किती ग्रॅम?” ती सांगायची, “एकतीस.” आणि आम्ही माना डोलवायचो. आई सर्वांत गंभीर चेहऱ्यानं.

वहिनी जेवायची तेव्हा तिलाही ते खारटच लागत असणार. पण तिनं जिभेवर विश्वास ठेवला नाही. जिभेला सवय लागते, काटा खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची. वजनखोलीतल्या बायकांनी तिच्या वहीतून पदार्थ उतरवून घेतले. त्यांच्या घरी ते अळणी लागले. वहिनीनं त्यांना धीर दिला.

डॉक्टरांकडं ती वही घेऊन जायची. डॉक्टर पानं उलटायचे, आकडे बघायचे आणि दादाच्या दंडाला पट्टा बांधायचे. दाब जागचा हलत नव्हता.

“मीठ निम्म्यावर आणूनही उतरत नाही, म्हणजे दुखणं चिवट आहे,” ते म्हणाले. एका गोळीच्या दोन झाल्या. दोनाच्या तीन. वहीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. असं नीट लिहून आणणारा पेशंट त्यांना दुसरा नव्हता.

तीन गोळ्यांनी दाब थोडा खाली आला. डॉक्टर म्हणाले, “पुढच्या तपासणीला असाच राहिला तर क्रेन तुमची.” त्या दिवशी दादानं वहिनीसाठी चप्पल आणली. लग्नानंतर पहिल्यांदा काही आणलं असेल.

मग माझ्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि आई तीन आठवड्यांसाठी तिच्याकडं गेली. विणकामाची पिशवी घेऊन.

वहिनीचं मीठ तेव्हा पंधरा ग्रॅमवर आलं होतं. आता ते खरोखरच पंधरा झालं.

पहिल्याच रविवारी दादानं घास मधेच थांबवला. “आई नसली की चवच जाते.”

वहिनीनंही घास चावला आणि कपाळाला आठी घातली. ती उठली. काट्यावर पितळी वजन ठेवून बघितलं. काटा बरोबर होता. “पंधराच आहे,” ती म्हणाली. “गेल्या रविवारी पण पंधराच होतं.”

ती माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, “थोडं घाल ना वरून.”

“तपासणीला दहा दिवस राहिलेत, भावजी. आता हात ढिला करायचा?”

तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. पण आई दोन आठवड्यांत येणार होती, सगळं पूर्ववत होणार होतं, उगाच घरात आग कशाला. मी पाव मोडून खाल्ला.

दादाला सकाळी उठल्यावर गरगरू लागलं. तो म्हणाला, भट्टीचा उकाडा. फाउंड्रीत घामानं सदरा रोज मिठासारखा पांढरा व्हायचा, आणि पोटात तीन गोळ्या. बुधवारी सकाळी तो शिडी चढला. वरून चौथ्या पायरीवर थांबला. आम्हाला वाटलं हातमोजा नीट करतोय. मग त्याचे हात सुटले.

तो जगला. कंबर आणि मांडीचं हाड गेलं. पुन्हा उभा राहिला नाही.

आई दुसऱ्या दिवशी आली. वॉर्डात शिरताच, सगळ्यांसमोर वहिनीला म्हणाली, “बिनमिठाचं घालून घालून पाडलास माझ्या लेकाला. झालं समाधान?”

वहिनीलाही तेच खरं वाटत होतं. डॉक्टरही म्हणाले होते की दाब फार खाली गेला होता. दादा घरी आला तसा आईनं स्वयंपाक ताब्यात घेतला. तिनं वही बंबात घातली. वहिनी भांडी घासायची आणि कामाला जायची. पाच महिने.

मग एकदा आईचा चष्मा शोधताना वहिनीनं विणकामाची पिशवी उपसली. पुडा घेऊन ती थेट माझ्याकडं आली.

“भावजी, हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

ती माझ्या बायकोकडं वळली. बायकोनं मान खाली घातली. वहिनी म्हणाली, “चला. त्यांना सांगा. मी सांगितलं तर खोटं वाटेल.”

या वेळी मी गेलो. दादा पलंगावर, आई त्याला भरवत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पुडा, पिशवी, रविवार, गोळ्या का वाढल्या, आई नसताना काय झालं. वहिनीनं पुडा पलंगावर ठेवला. आई म्हणाली, “मग? माझ्या लेकराच्या तोंडाला चव राहावी म्हणून टाकलं.” आणि चमचा पुन्हा भरला.

दादानं पुडा उचलून बघितला. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एवढ्या महिन्यांत तिचा चेहरा पहिल्यांदा मोकळा दिसत होता.

“म्हणजे,” दादा म्हणाला, “आई इथं असती तर मी पडलो नसतो.”

त्यानं तोंड उघडलं. आईनं घास दिला.

वहिनीनं घड्याळ बघितलं. त्या आठवड्यात तिची दुपारची पाळी होती. तिनं चप्पल घातली आणि डबा न घेता कामाला गेली.